जमलेलं पाणी

५ ऑगस्ट १९९६, नरडाणा

आज रुजू झाले. त्रेचाळिसाव्या वर्षी नव्या नोकरीचा पहिला दिवस कसा जाईल याची धास्ती होती, पण दिवसभर मी हसतच होते असं अभिमन म्हणाला. अभिमन इथला सहायक. शिंदखेड्याचा, बी.एस्सी. झालेला, बोलका. चाळीसगावच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण दर जूनला नेमणूक नव्याने आणि दर एप्रिलला निरोप. इथे निदान दारावर माझ्या नावाची पाटी आहे.

जागा म्हणजे स्टेशनजवळची एक बंद पडलेली जिनिंग. आढ्याला अजून कापसाचे तंतू लोंबतात. आतल्या तीन खोल्या मात्र चुना देऊन पांढऱ्याशुभ्र केल्या आहेत. एकीत रोपांचं अन्न शिजतं, दुसरीत, जंतू येऊ नयेत म्हणून, ज्योतीपाशी बसून रोपं कापायची आणि तिसरीत रॅकवर, ट्यूबलाइटखाली, बाटल्या ठेवायच्या. जॅमच्या साध्या बाटल्या. तळाला दोन बोटं पारदर्शक थर आणि त्यात उभं करंगळीएवढं बटाट्याचं रोप. हजारो रोपं एकदम पाहिली आणि खरंच छान वाटलं.

मालक रुपचंदशेठ धुळ्याचे बटाट्याचे आडते. रोगमुक्त रोपं तयार करून तापीकाठच्या शेतकऱ्यांना द्यायची, असा त्यांचा बेत. त्यांनी चहा घेताघेताच सांगून टाकलं: "मॅडम, दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर रोपांचा टेंपो निघाला तर ही लॅब. नाही निघाला तर परत जिनिंग."

बाटल्या धुणं आणि अन्न शिजवणं कमलबाईंकडे आहे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गार पाण्याने बोटांची पेरं सुजलेली. संध्याकाळी त्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून दिला. रात्रीसाठी दह्याची वाटीही. नको म्हटलं तर रागावल्या.

९ ऑगस्ट

काम असं आहे. रोपाला लागणारी साखर, क्षार, जीवनसत्त्वं पाण्यात विरघळवता येतात, पण नुसत्या पाण्यात रोप बुडून मरतं. म्हणून ते पाणी थिजवायचं. त्यासाठी अगर-अगर नावाची समुद्री शेवाळाची पूड वापरतात. ती महाग, त्यात मुंबईहून वेळेवर येत नाही. शेठ म्हणाले, आपल्या बाजारात मिळेल असं काहीतरी निवडा. माझी नेमणूक मुळात याचसाठी आहे.

साबुदाणा, मक्याचं पीठ, गवारीच्या बियांची पूड, इसबगोल, बाभळीचा डिंक, एवढं मागवलं आहे. माझ्या अटी सरळ आहेत: मोठ्या कुकरातून (ऑटोक्लेव्हला कमलबाई हेच म्हणतात आणि आता मीही) निघाल्यावर ते पुन्हा जमलं पाहिजे, बाटली आडवी केली तर ओघळता कामा नये, त्यातून मुळं दिसली पाहिजेत आणि चिमट्याने रोप उपटताना मुळं तुटता कामा नयेत.

कमलबाई या सगळ्याला खीर म्हणतात. अभिमनने विचारलं, मावशी, आज कोणती खीर? तर म्हणाल्या, तुन्या लगीनमा वाढानी, म्हणजे त्याच्या लग्नात वाढायची.

२१ ऑगस्ट

डिंक जमतच नाही, पाक होतो. साबुदाणा जमतो, पण दुधासारखा पांढरा, मुळं दिसत नाहीत आणि आठवड्याने पाणी सुटतं. मक्याचंही तेच. गवारीची पूड नुसती बुळबुळीत. इसबगोल त्यातल्या त्यात बरा. पण एक घाणा उत्तम, दुसरा पातळ. सोमवारच्या घाण्यातली निम्मी रोपं बुडाली.

शेठ येऊन पाहून गेले. जाताना आढ्याकडे बघत होते. जिनिंगचं यंत्र कुठे बसवायचं ते ठरवत असावेत. किंवा हे माझंच मन.

२७ ऑगस्ट

कमलबाई कानबाईच्या सणाची रजा संपवून काल परतल्या आणि आजचा इसबगोलाचा घाणा काचेसारखा जमला आहे. अतिशयोक्ती नाही. बाटलीमागे वर्तमानपत्र धरून वाचता आलं. उलटी केली तरी जागचं हललं नाही. अगरपेक्षा चांगलं.

आनंद झाला, पण कारण कळत नाही. तोच इसबगोल, तेच माप, तीच आंबटता. कारण न कळलेलं यश मला नेहमी खोटं वाटतं.

२९ ऑगस्ट

कारण कळलं आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

मी पाण्यापासून चमच्यापर्यंत सगळं विचारत होते. कमलबाई बाटल्या विसळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, विरजणबिगर कोठे जमस का? मी चमचाभर जुनी खीर टाकी दिधी."

म्हणजे बाईंनी आधीच्या, चांगल्या जमलेल्या बाटलीतला एक चमचा नव्या पातेल्यात घातला होता. दुधाला विरजण लावतात तसा. अभिमन म्हणाला, मावशीने लॅबमध्ये ताक घुसळायला काढलं. मी त्यांना समजावलं की दही जिवंत असतं, हे नाही. शिवाय त्यानंतर सगळं कुकरातून जातं, तिथे काहीच जगत नाही. त्यांनी मान डोलावली. पटलं नाही हे उघड होतं.

पण मग जमलं कशाने?

२ सप्टेंबर

एकाच पातेल्यातलं अन्न दोन भागांत विभागलं. एकात चमचा, दुसऱ्यात नाही. बाकी सगळं सारखं. ओतलं मी स्वतः.

चमच्याचं जमलं. बिनचमच्याचं पातळ राहिलं.

पुन्हा केलं. तेच. कमलबाई जिंकल्याच्या थाटात बाटल्या पुसत होत्या.

९ सप्टेंबर

आज इसबगोल घातलाच नाही. फक्त पाणी, साखर, क्षार आणि एक चमचा जुनं. कुकरातून काढलं. दुपारपर्यंत जमलं.

मग साखर आणि क्षारही वगळले. नुसतं नळाचं पाणी आणि चमचा.

तेही जमलं.

मी बराच वेळ बाटलीला टिचकी मारत बसले. थर थरथरतो आणि थांबतो. थांबायला जरा जास्त वेळ लागतो, असं वाटलं. अगरबरोबर ताडून पाहायला हवं होतं, पण अगर संपलं आहे.

अभिमनने ही बातमी फोनवरून शेठना दिली. मी अजून थांब म्हटलं होतं. शेठ तासाभरात पेढे घेऊन हजर. मी म्हटलं, हे का होतं ते मला माहीत नाही, माहीत नसताना वापरणं बरं नाही. ते म्हणाले, "मॅडम, दिवा का लागतो ते मला माहीत नाही. बटण दाबतो ना मी?" सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी मागितला तसा कागद लिहून दिला की हे माध्यम वापरण्यास हरकत नाही.

हरकत होती. कुठली ते मला सांगता आलं नाही एवढंच.

२३ सप्टेंबर

रोपं अप्रतिम. जाड देठ, गडद पानं. आणि एकाही बाटलीत बुरशी नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदीप्रमाणे दहातली एक बाटली बुरशीने जायची. मुद्दाम दोन बाटल्या उघड्या ठेवल्या, त्यांतही काही उगवलं नाही. पृष्ठभागावर एक चिलट बसलं होतं. ते उडालं नाही. मेलेलं नव्हतं, पंख पसरून तसंच बसून होतं.

दुसरी गोष्ट. रोपं ट्यूबलाइटकडे वाकायला हवीत. ती खाली वाकतात. पानांची टोकं थराला टेकवून.

कमलबाईंची बोटं बरी झाली आहेत. सूज गेली, पेरं मऊ. त्यांनी माझा हात धरून दाखवलं. "आते दुखस नही, बाई." मी सोडला तेव्हा त्यांच्या मनगटावर माझ्या अंगठ्याचा खळगा राहिला. मी बघत असताना तो हळूहळू भरून आला.

४ ऑक्टोबर

हंगामाआधी चाचणी म्हणून थोडी रोपं उखर्डू आबांच्या वावरात लावली. आबा तापीकाठचे, सत्तरीचे, फटकळ. विहिरीलगतचा तुकडा त्यांनी दिला. रोपं बाटलीतून काढताना मुळांचा थर धुऊन टाकायचा असतो. तो सुटेना. मुळं कुठे संपतात आणि थर कुठे सुरू होतो, कळत नव्हतं. अभिमन म्हणाला, असू द्या, ओल धरून ठेवील.

मी असू दिलं.

१५ ऑक्टोबर

मागच्या मोरीतलं पाणी वाहत नाही. तुंबलेलं नाही, मी काठी घालून पाहिलं. काठी उभी राहिली. कमलबाई बाटल्या तिथेच धुतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आते बठ्ठं (म्हणजे सगळं) जमी गयं, आणि हसल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज कमी झाला आहे.

दुपारी कापकाम करताना पात्याने बोट कापलं. पात्यावर थराचा तुकडा होता. रक्ताचा थेंब आला आणि तसाच बसला. ओघळला नाही. मण्यासारखा. मी टिचकी मारली.

थरथरला.

स्पिरिटने बोट धुतलं. हे इथे लिहिते आहे कारण उद्या मी हे नाकारीन.

२२ ऑक्टोबर

उखर्डू आबांनी निरोप पाठवला म्हणून गेले. बांधावरूनच ओरडले, "बाई, तुमना बटाटास्नी मन्हं वावर दही करी टाकं! पाय ठेवा का हालस!" शेजारचे दोघे हसत होते.

मी पाय ठेवला. जमीन दबली आणि लहर निघाली. विहिरीपर्यंत गेली आणि परत आली.

विहिरीत खडा टाकला. आवाज आला नाही. वाकून पाहिलं, खडा पाण्यावर होता.

आबांना सांगितलं, हे पाणी पिऊ नका, बैलांना पाजू नका. ते म्हणाले आठवडाभर पितोच आहोत, गोड लागतं.

२३ ऑक्टोबर

शेठना सगळं सांगितलं. रोपं जाऊ देऊ नका म्हटलं. यादीतली सगळी वावरं तापीच्या काठची आहेत. एकेका वावरात विहीर, विहिरींना नदीचे झरे. मी अक्षरशः हात जोडले.

त्यांनी ऐकून घेतलं. चहा आला होता. त्यांच्या बशीतला चहा साय धरल्यासारखा जमला होता. बोटाने तोडून त्यांनी खाल्ला. म्हणाले, तुम्हीच लिहून दिलंय ना, हरकत नाही म्हणून.

२७ ऑक्टोबर

नष्ट कशाने होतं ते शोधते आहे. कुकरला ते भीत नाही. ब्लिचिंग पावडरने पांढरं होतं, मरत नाही. मरत नाही हा शब्द मी वापरला. रॉकेल ओतून काडी लावली, ज्योत विझली. उन्हात वाळवलं तर पापुद्रा होतो, ठिसूळ. वाटलं, सुटलो. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. थोड्या वेळाने बादलीभर थर.

सकाळी तोंडात लाळ नसते. काहीतरी असतं, ते चावावं लागतं.

३० ऑक्टोबर

आबांचा एक बैल कालपासून त्या तुकड्यात उभा आहे. बसत नाही, पडत नाही. डोळ्यावर माशी होती, पापणी हलली नाही. पोटावर हात ठेवला. गार. आणि माझ्या हाताखाली सगळा बैल हलला. खुरांपासून शिंगांपर्यंत, सावकाश.

आबा विहिरीच्या काठावर बसले होते. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली, पण चेहरा मागून आला.

नीट लिहिते. मान आधी वळली. गाल, ओठ नंतर पोचले. मी हे पाहिलं. भर दुपारी, ऊन होतं.

२ नोव्हेंबर

धुळ्याला डॉक्टरकडे. रक्त तपासायला दंडात सुई घातली, नळीत काही येईना. सुई बदलली. म्हणाले शीर सापडत नाही, पाणी भरपूर प्या.

पाणी.

धुळ्यात राहता आलं असतं. लहान बहीण तिथेच आहे. पण मी तिच्या घरी गेले नाही. तिच्या माठातलं पाणी घेतलं असतं, पेला विसळला असता. संध्याकाळच्या एसटीने परत आले. हे धैर्य नाही. कुठे जाऊ हा प्रश्न आहे. आणि टेंपोचा.

६ नोव्हेंबर

अभिमन रॅकसमोर उभा आहे. सकाळपासून. ट्यूबलाइट लागले आहेत, तोंडावर हसू आहे. खांदा धरला, बोटं आत गेली.

रोपं सगळी त्याच्याकडे वाकली आहेत.

८ नोव्हेंबर

शेठना फोन. मी बोलते ते त्यांना ऐकू येत नाही म्हणाले. आवाज फुटत नाही म्हणाले. म्हणजे माझा.

कमलबाई शेजारी येऊन बसल्या. माझ्या केसांवरून हात फिरवला. "कसाले घाबरतस, बाई? दुखस नही."

दुखत नाही हे खरं आहे. तेच तर —

लक्ष्मीपूजन

बाहेर फटाके. आवाज खोल पाण्यातून यावा तसा.

उद्या की परवा पाडवा. पायऱ्या उतरता येत नाहीत, गुडघे वाकतात ते दुसरीकडेच. लिहिणारा हात अजून बरा. लिहीत नसते तेव्हा त्याला कोरड्या वाळूत धरून ठेवते, ओल शोषली जावी म्हणून.

ठरवलं आहे. रॅकच्या खोलीला एकच दार. खिडकीला गज. आत जाऊन दाराला पाठ लावून बसायचं. दार आत उघडतं. माझं जे होणार ते होईलच, तर तिथे होऊ दे. मी पूर्ण जमले की दार उघडणार नाही. निदान हा हंगाम जाईल. बाटल्यांतलं आटेल. मी एवढं तरी —

हे बरोबर आहे का? विचारायला कोणी नाही. बरोबर आहे.

पाडवा

बसले आहे. पाठ दाराला. समोर अभिमन. त्याच्या पलीकडे बाटल्या.

ऊन गजांतून येतंय. स्वच्छ सकाळ.

टेंपो आला. शेठ, कमलबाई, हमाल. शेठ हार घालताहेत टेंपोला. नारळ फोडला — पाणी सांडल्याचा आवाज नाही.

हाक मारताहेत. मॅडम. बाई. प्रेमाने.

पाडव्याच्या दिवशी दार लावू नये म्हणताहेत.

ढकलताहेत. मी घट्ट. घट्ट राहायचं. दगड —

नाही.

दगड नाही. मी दबते आहे. दार माझ्यात शिरतंय आणि मी बाजूला — हे कसं कळलं नाही मला, रोज टिचकी मारत होते, कधीतरी ते कडक होतं का —

दार उघडलं. माझ्यावरून आले. पावलं आत बुडाली, निघाली. वाईट वाटलं त्यांना, सॉरी म्हणाले.

क्रेट चालले. एक. आणखी. ओरडले. माझं ओरडणं आतच हलतंय, भिंतीला लागून परत —

कमलबाईंनी एक बाटली माझ्या मांडीशी ठेवली. झाकण काढून. एकटं वाटू नये म्हणून.

इंजिन सुरू. तापीकडे. कोणीतरी थांब —

रोप वाकलंय. माझ्याकडे. पान तळहाताला टेकलं.

टोचत नाही. मूळ. पांढरं, केसाएवढं. आत येतंय आणि मी त्याला धरून ठेवते आहे, सरळ, उभं, मला सोडता ये